तीनदा मेलेला तारा आणि गिरणीचा पट्टा

आमच्या कुरणदऱ्यात एकच तारा तीनदा मेला. पहिल्यांदा मेला त्या दिवशी मी दुर्बीण केंद्राच्या कॅन्टीनमध्ये बाजरीची भाकरी खाता खाता एक थाप मारली. दुसऱ्यांदा मेला तेव्हा तो पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे आमच्या पायांखाली होता, त्यामुळे आम्हांला काही कळलं नाही. तिसऱ्यांदा मेला तेव्हा अख्खं गाव हाताने दळण दळत त्याची वाट बघत बसलं होतं.

हसा खुशाल. मी एकदा बिबट्याला टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून बाजारात पाठवला आणि त्याला टोमॅटोपेक्षा बरा भाव आला, असं सांगतो तेव्हा लोक विचारतात, "किती आला?" ताऱ्याचं सांगायला लागलो की म्हणतात, नाना, आता पुरे.

मी बजरंग डोके, वय एक्क्याऐंशी, केंद्राच्या फाटकावरचा पहारेकरी. मला निवृत्त करायचं केंद्राच्या ध्यानात राहिलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही. जुन्नर तालुक्याच्या टोकाला आमचं गाव, तिन्ही बाजूंनी डोंगर. बाहेरच्या जगाचा रेडिओ-गोंगाट त्या डोंगरांना अडतो, म्हणून इथल्या माळावर तीस मोठ्या रेडिओ दुर्बिणी उभ्या केल्या. आम्ही त्यांना पराती म्हणतो. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की गावात एखादी मोटर ठिणगी टाकत फिरली तरी त्या बुडून जातात. म्हणून कुरणदऱ्यात मौनवेळ पाळतात. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढ्याच वेळात मोटरी चालवायच्या. बाकी वेळ पंप बंद, मिक्सर बंद, गिरणी बंद. मोबाइल तर गावात येतच नाही. पाहुण्यांचे मोबाइल, बोलके चष्मे, नाडी मोजणाऱ्या अंगठ्या, सगळं फाटकावर माझ्या सागवानी पेटीत जमा. पेटीला आतून पत्रा ठोकलेला आहे. मी पावती देतो.

बाहेरचे लोक आम्हांला मागासलेले म्हणतात. म्हणोत. विश्वातली सर्वांत हळू कुजबुज जिथे ऐकू येते असं गाव त्यांच्याकडे आहे का?

गावात गिरणी एकच, उज्ज्वला भोरची. त्या गिरणीवर तिने एकटीने पोरीला पुण्याला शिकवलं, आणि पोर शिकून आमच्याच केंद्रात परत आली. ईश्वरी तिचं नाव. पंचायतीच्या भिंतीवर मौन पाळणाऱ्या घरांची नावं रंगवलेली असतात, त्यांत उज्ज्वलाचं नाव सर्वांत वर होतं. अठरा वर्षांत तिने फक्त एकदा मौन मोडलं होतं, एका बाळंतिणीच्या खिरीसाठी. विचारल्यावर आधी "मी नाही" म्हणाली आणि दोन दिवसांनी कबूल झाली. ईश्वरी तेव्हा नऊ वर्षांची होती. पोरं असलं काही विसरत नाहीत.

आता पहिलं मरण. सन दोन हजार एकेचाळीसचा मार्गशीर्ष. दुपारी कॅन्टीनमध्ये केंद्राचे प्रमुख प्रभुदेसाई साहेब भाकरी मोडत म्हणाले की नाना, अशी मऊ भाकरी मी कुठे खाल्ली नाही. आता कौतुक ऐकून गप्प बसणारा माणूस मी नाही. मी म्हणालो, मऊ कशी नसेल साहेब? पावणेअकराला दळलेलं पीठ आहे. आमची उज्ज्वला फक्त तुमच्या भाकरीसाठी रोज एक घाणा मौन मोडून काढते. सगळे हसले. साहेबही हसले. पीठ आदल्या संध्याकाळचं होतं. पावणेअकरा ही वेळ माझ्या तोंडात का आली, ते मला आजही सांगता येणार नाही.

मला हे माहीत नव्हतं की त्याच सकाळी दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आकाशात गॅमा किरणांचा स्फोट दिसला होता.

गॅमा किरणांचा स्फोट म्हणजे काय, हे फाटकावर बसून मी पन्नास शास्त्रज्ञांकडून ऐकलंय, तेव्हा एवढं तरी नीट सांगतो. शंभर वर्षांपूर्वीच्या आगेमागे मोठ्या देशांनी एकमेकांचे अणुस्फोट पकडायला उपग्रह सोडले. त्यांना बॉम्ब नाही सापडले, पण आकाशातूनच कुठूनतरी येणारे गॅमा किरणांचे झोत सापडले. काही सेकंद टिकतात आणि तेवढ्यात आपला सूर्य आयुष्यभरात देणार नाही इतकी ऊर्जा ओकतात. कशाचे, कुणाला कळेना. मग मागच्या शतकाच्या शेवटी असा एक झोत आला, त्या जागेवर लोकांनी दुर्बिणी रोखल्या, आणि काही दिवसांनी तिथेच एक सुपरनोव्हा उजळला. सुपरनोव्हा म्हणजे महाकाय ताऱ्याचं फुटून मरणं. तेव्हा उलगडलं की लांब चालणारे बरेचसे झोत हे मरणाऱ्या ताऱ्याचे असतात. ताऱ्याचं पोट आत कोसळतं, तिथून दोन बाजूंना दोन झोत ताऱ्याला भोक पाडून बाहेर पडतात. एखाद्या झोताचं तोंड आपल्याकडे असेल तर आपल्याला गॅमा स्फोट दिसतो. ताऱ्याचं अंग मागाहून फुटून सावकाश उजळतं, तो सुपरनोव्हा.

पण कोसळलेल्या पोटात नेमकं काय बनतं? यावर भांडण होतं. कुणी म्हणत कृष्णविवर. कुणी म्हणत, सूर्याहून जड आणि तालुक्याहून लहान असा चुंबकी गोळा, सेकंदाला शेकडो फेरे घेणारा. फिरणारा गोळा असेल, तर झोतही तोच ढकलतो आणि सुपरनोव्हाही तोच पेटवतो, म्हणजे दोन्हींच्या मागे एकच हात. तसं असेल तर गॅमा किरणांबरोबर रेडिओचा एक ठिपकाही निघायला हवा. तो कुणी कधी पकडला नव्हता.

त्या दिवशी ईश्वरी कामावर होती. झोताची वर्दी आली, आणि साडेचार मिनिटांनी, पावणेअकरा वाजता, आमच्या परातींत एक तिरकी रेघ उमटली. वरच्या पट्टीच्या लहरी आधी, खालच्या पट्टीच्या नंतर. अवकाशातल्या विरळ वायूतून लांबचा प्रवास केलेला रेडिओठिपका असाच येतो, खालच्या पट्ट्या वाटेत मागे पडत पडत. पोरगी दोन तास जमिनीवर नव्हती.

पण गिरणी बंद करताना काय होतं? पट्टा सैलावतो, मोटर मंदावत जाते, ठिणग्यांची पट्टी वरून खाली घसरत येते. रेघ तशीच दिसते. आणि प्रभुदेसाई साहेबांच्या पोटात ती भाकरी होती, कानात माझी थाप.

पाच वाजता ईश्वरी फाटकावर आली. तोंड उतरलेलं. मला म्हणाली, "नाना, दुपारी तुम्ही म्हणालात ते खरंय?"

मला त्या रेघेचं काय ठाऊक. मी मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "मी कधी खोटं बोललोय?"

आयुष्यभर मी हजारो थापा मारल्या. लोकांनी खरी मानलेली ही एकच.

संध्याकाळी तिने आईला विचारलं. उज्ज्वला म्हणाली, पट्टा नऊपासून खुंटीला होता. पोरगी म्हणाली, खिरीच्या वेळीही तू आधी असंच म्हणाली होतीस. यावर उज्ज्वला उठली आणि दळणाला लागली. वीज कंपनीचे नवे मीटर मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतात, पण ते स्वतःच रेडिओवर बोलतात, म्हणून गावात जुने चाकाचेच मीटर. त्यांना वेळ विचारता येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं कळल्यावर मी साहेबांपुढे उभा राहिलो, कान धरले, सांगितलं की मी थाप मारली. साहेब समजुतीने म्हणाले, "नाना, तुम्ही तिला वाचवायला बघताय, ते कळतंय मला." ईश्वरीने अहवालात लिहिलं, स्थानिक गिरणीचा व्यत्यय, आणि खाली सही केली. पंचायतीने भिंतीवरच्या पहिल्या नावावर चुन्याचा हात फिरवला.

ईश्वरी केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. सणाला घरी यायची, जेवायची, ताट घासून जायची.

आणि उज्ज्वलाने काय केलं? आठवड्याने सकाळी नऊला ती फाटकावर आली. खांद्यावर गिरणीचा पट्टा, पाच हात लांब, पिठाने पांढरा. तो तिने माझ्या पेटीत मोबाइलांवर टाकला.

"पावती द्या, नाना."

मी म्हणालो, अगं, हा काय मोबाइल आहे? ती म्हणाली, वेळ घाला. मी पावतीवर वेळ घातली. तिने माझ्या डोक्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पावती बघितली, परत घड्याळ बघितलं, आणि गेली. संध्याकाळी सहाला पावती दाखवून पट्टा नेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पट्ट्याशिवाय गिरणी म्हणजे दोन दगड. अशी ती नऊ वर्षं येत राहिली, अंगात ताप असताना आली, गावजत्रेच्या दिवशी आली, आणि एकदाही घड्याळाशी ताडून बघितल्याशिवाय तिने माझी पावती घेतली नाही. ती एक शब्द वाकडा बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पाहुण्यांना मी सांगायचो की हा पट्टा म्हणजे मी मारलेल्या अजगराचं कातडं आहे. उज्ज्वला समोर असली की मात्र सांगायचं धैर्य होत नसे.

दुसरं मरण सत्तेचाळीस साली झालं. उपग्रहांना एक गॅमा झोत दिसला, तेव्हा आकाशाचा तो भाग आमच्या क्षितिजाखाली होता. त्याचा चढउतार एकेचाळीसच्या झोताशी ताडला तर एकाच साच्यातून काढल्यासारखा. जागा जवळजवळ तीच. तारा दोनदा मरत नसतो, मग?

मग असं, की त्या ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये शेकडो दीर्घिकांचा एक थवा उभा आहे. त्याच्या वजनाने प्रकाशाची वाट वाकते, भिंगातून वाकावी तशी. एकाच मरणाचा प्रकाश तीन वाटांनी निघाला. आमच्या गावाहून बाजाराला जायलाही तीन वाटा आहेत, खिंडीतून, कालव्याकडेने आणि डांबरी रस्त्याने. एकाच घरची तीन माणसं एकदम निघाली तरी पोहोचतात वेगवेगळ्या वेळी. तारा मेला नऊशे कोटी वर्षांपूर्वी, एकदाच. बातमी तीनदा येणार होती. दोन बातम्यांमधलं अंतर कळल्यावर वाटांची मापं बसवता आली, आणि तिसरी केव्हा येईल त्याचं गणित मांडता आलं. ते गणित तीन वर्षं घोटून काढलं ईश्वरीने. उत्तर आलं, पन्नास सालचा आश्विन, बारा दिवसांत कधीही. आणि त्या बारा दिवसांत तो भाग पहाटे चार ते रात्री नऊ आमच्या डोक्यावर.

जगातल्या दुर्बिणी त्या जागेवर रोखायचं ठरलं. पण नेमक्या त्या पट्टीतला रेडिओठिपका पकडायचा तर आमच्याच पराती लागणार होत्या. आणि या वेळी कुणाला बोटभर शंकेला जागा ठेवायची नव्हती. सकाळची मोकळीक नाही, संध्याकाळची नाही. बारा दिवस गाव ठार बंद. त्या बारा दिवसांनंतर तिसऱ्या दिवशी दिवाळी. चकलीची भाजणी, अनारशांचं पीठ, बेसन, सगळ्या घरांचे डबे गिरणीच्या दारात रांगेला लागायचे दिवस.

ईश्वरी आईकडे गेली तेव्हा मी तिथेच होतो. म्हणजे मुद्दाम दळण घेऊन गेलो होतो, डब्यात दोन मुठी गहू. उज्ज्वला गिरणीची पाळी, वरचा दगड, उलटी टाकून तिला टाकी लावत बसली होती, म्हणजे छिन्नीने दगडाला नव्या खाचा पाडत होती. पोरीने बारा दिवसांचं सांगितलं. आईने हात थांबवला नाही. मग दगडाकडे बघतच बोलली.

"बंद ठेव म्हणायला आलीस, का त्या दिवशी बंद होती म्हणायला आलीस?"

मी डब्यातले गहू मोजत होतो.

"दुसरं मला अजून म्हणता येत नाही, आई. मला तसं वाटतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नाही."

मला वाटलं, आता छिन्नी फेकते बाई. पण उज्ज्वलाने पदराने दगडावरची भुकटी पुसली आणि पहिल्यांदा पोरीकडे नीट बघितलं. म्हणाली, "वाटतं म्हणून सही केली असतीस तर तुला हाकलली असती. ठेवते बंद. पण गावाचं दळण कोण दळणार?"

गावाचं दळण गावाने दळलं. माळ्यांवरून, गोठ्यांतून, एका घरी तर तुळशीजवळ पायरी म्हणून बसवलेलं होतं तिथून उपटून, एकोणीस दगडी जाती निघाली. उज्ज्वलाने प्रत्येक जात्याला स्वतः टाकी लावून दिली. खुंटे सुताराने नवे केले. बायकांनी बाप्यांना बसवलं. ज्यांनी आयुष्यात जातं बघितलं नव्हतं त्या पोरींनी दोन दिवसांत पैजा लावल्या. प्रभुदेसाई साहेब निवृत्त होऊन कोकणात गेले होते, ते या दिवसांसाठी आले आणि त्यांनी पायलीभर भाजणी दळली. त्यातली अर्धी जमिनीवर सांडली, ते मी त्यांना सांगितलं नाही. ईश्वरी रोज पहाटे आईसमोर बसून जात्यात एक घास टाकायची, एक फेरा ओढायची, मग हाताच्या फोडांवर फडकं गुंडाळून केंद्रात जायची. दोघी बोलत नव्हत्या. पण एका खुंट्याला दोघींचे हात असले की ओढ एकीला कळते आणि ढील दुसरीला, बोलायचं काय राहतं.

गिरणीचा पट्टा पहिल्याच दिवशी सकाळी माझ्या पेटीत आला होता. पावती नेहमीसारखी घड्याळाशी ताडून नेलेली.

आठ दिवस गेले, काही नाही. नवव्या दिवशी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी फाटकावरचा तारेचा फोन वाजला. आतून ईश्वरी बोलत होती. गॅमा झोत आला, म्हणाली, आणि फोन ठेवला.

साडेचार मिनिटं. मी उठून वेशीकडे हात केला. तिकडून माणसं हात करत गेली, आणि एकेक जातं थांबलं. जात्याला ठिणगी नसते, त्याचा पराती पकडतील असा काही आवाजही नसतो, थांबवायची गरज नव्हती. पण थांबली. पाखरं तेवढी ओरडत होती. उज्ज्वला फाटकाशी आली आणि माझ्या पेटीवर बसली. तिच्याखाली मोबाइल आणि पट्टा.

प्रभुदेसाई साहेब आतून स्वतः बाहेर आले. "बाई, आत चला," म्हणाले. निरीक्षणाच्या त्या खोलीत ईश्वरीखेरीज गावचं माणूस कधी गेलं नव्हतं. उज्ज्वला म्हणाली, नाना पण येतील. कुलूप लावून पेटी मी काखेत मारली आणि गेलो. बारा किलोची आहे.

पडदा काळा होता. ईश्वरी उभी होती, फडकं गुंडाळलेल्या हाताने टेबल धरून. मग वरच्या कोपऱ्यात एक उजेडाचा कण आला आणि तिरका खाली उतरू लागला, सावकाश, न चुकता, जात्याच्या तोंडातून पीठ उतरावं तसा. रेघ संपली. ईश्वरीने नऊ वर्षांपूर्वीची रेघ काढून तिच्यावर ठेवली. दोन रेघांची जवळजवळ एक झाली. तिने भिंगाच्या दोन वाटांचा फरक हिशेबात घेतला, पुन्हा ठेवली. केस मावेल एवढीही फट नव्हती.

"आई," ती म्हणाली, "गिरणी बंद होती."

उज्ज्वला पडद्याकडे बघत होती. "मला माहीत होतं," म्हणाली. आणि मग अगदी हळू, "पण आता बरं वाटलं."

प्रभुदेसाई साहेब आमच्या उज्ज्वलापुढे हात जोडून उभे राहिले. त्यांनी माफी मागितली तशी तिने त्यांच्या भाकरीची चौकशी केली. माफी मागायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मला पहिलं वाक्यच आठवेना. नऊ वर्षं मी पाठ केलेलं भाषण होतं, चांगलं होतं, त्यात बिबट्याही होता. ती म्हणाली, "नाना, राहू द्या. पेटी खाली ठेवा, कमरेत उसण भरेल."

महिन्याभराने अवकाशातल्या दुर्बिणीला त्याच जागी सुपरनोव्हा उजळताना दिसला, भिंगाने मोठा करून दाखवलेला. गॅमा झोत, फिरत्या गोळ्याचा रेडिओठिपका आणि सुपरनोव्हा, एकाच मरणात तिन्ही. ताऱ्याच्या पोटात एक जातं फिरत होतं, आणि झोत आणि स्फोट दोन्ही त्याचंच दळण होतं. शास्त्रज्ञ लोक आता त्या फिरत्या गोळ्याला कुरणदऱ्याची गिरणी म्हणतात. परदेशातून लोक येतात आणि हे नाव उच्चारताना त्यांच्या जिभेची फार तारांबळ होते. आम्ही मदत करत नाही.

त्यांच्या शोधनिबंधात तळटीप आहे. ईश्वरीने मला वाचून दाखवली. परिसरातील एकमेव गिरणीचा पट्टा निरीक्षणकाळात फाटकावर जमा होता, पावती उपलब्ध. साक्षीदार, बजरंग डोके. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी ती वाचली आणि एकानेही शंका काढली नाही. माझ्या घरात असं अजून कुणाला जमलेलं नाही.

पंचायतीवाले भिंतीवर नाव पुन्हा रंगवायला रंग घेऊन आले, तर ईश्वरीने त्यांना बाजूला केलं. आईची टाकी लावायची छिन्नी घेऊन तिने चुना हळूहळू टिपून काढला. खाली जुनं नाव होतं तसंच होतं, एक काना तेवढा पुसट झालेला.

दिवाळी झाली, गिरणी सुरू झाली. पहिल्या दिवशी सकाळी नऊला बघतो तर उज्ज्वला फाटकावर, खांद्यावर पट्टा. मी म्हणालो, आता कशाला? आता तुझ्यावर कोण शंका घेणार? ती म्हणाली, "खुंटी मोडलीय. आणि तुम्हांला तरी दुसरं काय काम आहे?"

मी पावती फाडली. नऊ वाजून दोन मिनिटं, असं लिहिलं. तिने घेतली, घडी करून कमरेला खोचली, आणि घड्याळाकडे न बघता गेली.